माळ्यावरचं ऑर्किड

कायदेकाकांनी आमच्या बाल्कनीत उभं राहून, चहाचा कप कठड्यावर ठेवत, "हे तुमच्याकडे केव्हापासून आहे?" असं विचारलं, त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. 'हे' म्हणजे एक ऑर्किड होतं. लाकडाच्या ढलपीला सुतळीने बांधलेलं, जाड पट्ट्यांसारख्या पानांचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण काकांनी प्रश्न अशा आवाजात विचारला की मी बायकोकडे, बायकोने आईकडे आणि आईने ऑर्किडकडे पाहिलं.

कायदेकाका तळमजल्यावर राहतात. त्यांनी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली आणि निवृत्त होताना बहुधा कोर्टच घरी घेऊन आले. इमारतीत कोणी भिंतीत खिळा ठोकला तरी ते त्यावर मत देतात, आणि ते मत ऐकल्यावर खिळा काढून घ्यावासा वाटतो. आता या बाबतीत माझं म्हणाल तर मला घाबरवायला काका लागत नाहीत. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. दिवसभर माझ्या टेबलावर अपघातच येतात. कोणी स्टुलावरून पडलेला असतो, कोणाच्या अंगावर पंखा आलेला असतो, कोणी नुसताच उभा होता आणि तरी त्याला काहीतरी झालेलं असतं. संध्याकाळी घरी आलो की मला आधी पंखा दिसतो आणि मग घरची माणसं. आमच्याकडे पंख्याच्या बरोबर खाली कोणी बसत नाही, पाहुणेसुद्धा.

पण त्या दिवसांत मला जी भीती होती ती पंख्याची नव्हती. बायकोला वास येईनासा झाला होता. साधा ताप आला, चार दिवसांत उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. नुसत्या वाफेवरून भाजीत मीठ कमी आहे की जास्त ते सांगणारी ही बाई, आता स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, जरा बघून जा हो, करपत नाही ना?" मी जाऊन कढईवर वाकायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नाकावर तिने पहिल्यांदाच विश्वास टाकला होता, आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं. ती जेवायला बसायची आणि समोरचं संपवून उठायची, बस. मी काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचो आणि गॅसचं बटण बंद आहे ना ते बघून यायचो. कचेरीत असलो की घरी फोन करायचो आणि भलतंच काहीतरी विचारायचो. ती म्हणायची, "गॅस बंद आहे," आणि फोन ठेवायची.

डॉक्टर म्हणाले होते की नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, कॉफी असलं काही हुंगत बसायचं. वास यायला हवा असं मनात धरायचं. येईल किंवा येणार नाही. डॉक्टर लोक हे दोन्ही एकाच सुरात सांगतात. बायको रोज वाट्या मांडून, डोळे मिटून बसायची. आई आणि मी बाजूला उभे. तिने वाटी नाकाशी नेली की आम्हीच श्वास आत ओढायचो. मग ती मान हलवायची. एके दिवशी घरी आलो तर वाट्या घासून फडताळात पालथ्या घातलेल्या. मी विचारलं तर हसून म्हणाली, "रोज सकाळी उठून नापास कशाला व्हायचं?" त्या हसण्याची मला फार भीती वाटली. ती हातात घेतलेलं सोडणारी नाही. ऐन तापात उठून तिने पडदे धुतलेले मी पाहिलेत.

अशा वेळी ऑर्किड आलं, आणि ते मेहुण्याने आणलं नसतं तर मला आश्चर्य वाटलं असतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला जगातलं सगळं माहीत आहे, फक्त स्वतःच्या घरी जायची वेळ माहीत नाही. आमच्या रस्त्यावरचं जुनं झाड वाऱ्याने कलंडलं म्हणून पालिकेची माणसं ते तोडत होती. तिथे गर्दीत उभा राहून हा सल्ले देत होता. येताना फांदीचा एक तुकडा घेऊन आला, त्यावर हे चिकटलेलं.

"कसलं बांडगूळ उचलून आणलंस," आई म्हणाली.

"मावशी, बांडगूळ नाही. ऑर्किड आहे. बांडगूळ दुसऱ्याच्या जिवावर जगतं. हे नुसतं दुसऱ्याकडे राहतं, खातं स्वतःचं."

"मग तू बांडगूळ," आई म्हणाली आणि त्याला जेवायला वाढलं.

मी त्याला बाल्कनीत नेलं आणि हळूच विचारलं, "याला वास असतो का?" तो म्हणाला, "भावजी, हे फुललं की अख्खी गल्ली मान वर करून बघते. एकदम जबरदस्त." पानांच्या बगलेतून एक लहानसा दांडा निघत होता आणि त्यावर बारीक कळ्या धरल्या होत्या. माझ्या डोक्यात तिथेच आलं की लवंगेला जमलं नाही ते याला जमेल. अख्ख्या गल्लीला वास येतो तर गल्लीतल्या एका बाईला का येऊ नये? मी हे बायकोला बोललो नाही. नापास होण्याची आणखी एक तारीख तिला कशाला द्यायची?

तर असं ते ऑर्किड. आणि त्यासमोर कायदेकाका.

"जंगली जात आहे," काका म्हणाले. "संरक्षित दिसते. घरात ठेवणं गुन्हा आहे."

"कुठल्या कलमाखाली?" मी विचारलं.

"कलम मी सांगत नाही. तुम्ही घाबराल."

एवढं ऐकून जो घाबरला नाही तो माणूस मला दाखवा. मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता टाकून देतो. काकांनी चष्मा काढला. "टाकाल? म्हणजे पुरावा नष्ट कराल? ठेवणं हा एक गुन्हा. नष्ट करणं हा दुसरा, आणि पहिल्यापेक्षा मोठा." "मग परत झाडावर लावतो." "झाड कुठाय?" काकांनी शांतपणे विचारलं. रस्त्यावर बुंधासुद्धा उरला नव्हता. काका उरलेला चहा संपवून, चहा चांगला झालाय असं बायकोला सांगून खाली निघून गेले. मी तिथेच कठडा धरून उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी मी ऑर्किड पिशवीत घालून बागेत गेलो. त्यातल्या त्यात जुनं झाड शोधलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सुतळी बांधायला हात वर केले. मागून आवाज आला, "काय लावताय?" पहारेकरी होता. मी म्हटलं, "लावत नाही, परत करतोय." यावर त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मग माझ्याकडे. बागेत झाडांना काहीही बांधायला मनाई आहे, हवं तर पाटी दाखवतो, म्हणाला. पाटी त्याने खरंच दाखवली. सगळी फिरायला आलेली माणसं बघत होती आणि त्यांत आमच्या कचेरीतल्या टायपिस्टबाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फार मऊ आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" वीस माणसं काम करतात त्या खोलीत. सगळ्यांनी ऐकलं.

मग मेहुण्याने तोडगा काढला. बाल्कनीत दिसतं तर बाथरूममध्ये ठेवा. तिथे दमटपणा असतो, या जातीला तो मानवतो, आणि तिथे काका येणार नाहीत. ऑर्किड बाथरूमच्या खिडकीशी खुंटीवर टांगलं गेलं. आंघोळ करताना आपल्याकडे गुन्हा बघतोय असं मला वाटायचं, म्हणून मी पाठ करून आंघोळ करू लागलो. पण बाहेर पडताना त्याच्यावर थोडं पाणी शिंपडल्याशिवाय राहवत नसे. आपल्यामुळे त्या जिवाला उजेड मिळत नाही, निदान पाणी तरी मिळू दे, असं वाटायचं.

तिथेच एकदा सकाळी दार पुरतं लागलेलं नव्हतं म्हणून मला दिसलं. बायको टाचा उंचावून, एका हाताने नळ धरून, त्या कळ्यांपाशी नाक नेऊन उभी होती. डोळे मिटलेले. बराच वेळ तशीच होती. मग तिने एका कळीला बोट लावलं, अगदी हळू, आणि बादली भरायला घेतली. मी पाय न वाजवता मागे सरकलो. तिला कोणी सांगितलं, की तिचं तिलाच कळलं, ते मी विचारलं नाही. पण त्या क्षणापासून मला कलमाबिलमाची भीती वाटायची ती निम्मी झाली आणि दुसरी भीती दुप्पट झाली. हे फुललंच नाही तर काय करायचं?

म्हणून मी सरळ वनखात्याच्या कचेरीत गेलो. काय व्हायचं ते होऊ दे, एकदा परवानगी घेऊ, म्हणजे ते बाल्कनीत उजेडात ठेवता येईल. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "काय आहे?"

"ऑर्किड आहे. म्हणजे, असेल तर काय करायचं ते विचारायचं होतं."

"कुठल्या झाडावर?"

"पालिकेच्या. पण ते झाड आता तोडलं."

आता त्यांनी मान वर केली. "तोडलं? कोणी तोडलं?"

एका गुन्ह्याची चौकशी करायला गेलो आणि दुसऱ्याचा साक्षीदार झालो. मी घाईघाईने म्हटलं की झाडाशी माझा काही संबंध नाही. "मग ऑर्किड तुमच्याकडे कसं?" माझ्याकडे नाही, माझ्या एका मित्राकडे आहे, मी म्हणालो. "मित्राचा पत्ता सांगा, साहेब बघून जातील." मी इमारतीचा पत्ता सांगितला, कारण दुसरा कुठलाच पत्ता त्या क्षणी मला आठवेना. "मजला?" ते म्हणाले. अशा वेळी लोक आईला हाक मारतात. माझ्या तोंडून निघालं, "तळमजला."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मला कळलं की मी कायदेकाकांना पकडून दिलं आहे. परत आत जाऊन दुरुस्ती करावी असं मनात आलं. पण पाय घराच्या दिशेने चालू लागले होते आणि मी त्यांना अडवलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. जिन्यात काका भेटले की मी त्यांच्या आधी नमस्कार करायचो, वर त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो. काकांना संशय आला. "तुम्हाला काही त्रास होतोय का?" ते विचारायचे. आणि इकडे बाथरूममध्ये पानं पिवळी पडत चालली होती. मी पाणी वाढवलं. एका सकाळी आंघोळीला गेलो तर मोरीच्या जाळीवर कळ्या पडलेल्या. सगळ्या. मऊ, पिवळ्या, हात लावला की चिरडत होत्या. माझ्यानंतर बायकोचा नंबर होता. बाहेर तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मी कळ्या वेचून खिशात घातल्या. ऑर्किड खुंटीवरून काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि स्टुलावर चढून बाथरूमबाहेरच्या माळ्यावर पार आत ढकललं. स्टुलावर चढून! माझ्या टेबलावरच्या निम्म्या दाव्यांत हे स्टूल असतं. खाली उतरलो तर बायको समोर.

"वनखात्याचे साहेब येणार आहेत म्हणे," मी म्हणालो. "तोवर वर ठेवलंय."

"कळ्या?"

"मोठ्या होतायत."

तिने वर पाहिलं. "उघडल्या की सांगा हं," असं म्हणून ती आत गेली. एरवी तिच्याशी खोटं बोललो तर तिला माझ्या चेहऱ्यावरून कळतं. त्या दिवशी कळलं नाही, कारण तिला कळून घ्यायचंच नव्हतं. रोज कचेरीतून आलो की मी चपला काढत असतानाच ती विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "थोडा धीर धर." गोणपाट उघडून पाहायची माझी हिंमत होत नव्हती. मी फक्त स्टुलावर चढून, डोळे दुसरीकडे करून, वरून तांब्याभर पाणी ओतायचो आणि उतरायचो.

साहेब आले ते सुटीच्या दिवशी सकाळी. साहेब म्हणजे बाई होत्या. साध्या, घामाघूम झालेल्या, खांद्याला पिशवी. पण मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, कारण त्यांच्या मागे कायदेकाका होते आणि काकांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना तारखा देणाऱ्या माणसाला आज स्वतःची तारीख लागली होती.

"यांना सांगा हो," काका मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क कापत होता, "माझ्याकडे तुळससुद्धा नाही म्हणून. या माझं कपाट उघडून बघतायत."

"मी फक्त बाल्कनी कुठाय असं विचारलं," बाई म्हणाल्या. "कपाट यांनीच उघडून दाखवलं. या इमारतीत ऑर्किड आहे असं कोणीतरी सांगून गेलंय. तुमच्याकडे आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही," काकाही म्हणाले. ते असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. मला वाचवत होते की स्वतःला, ते आजतागायत कळलेलं नाही. मेहुणा सोफ्यावर वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. आई म्हणाली, "बसा ना," आणि बाईंना नेमकं पंख्याखाली बसवलं.

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवला. वास. आधी वाटलं गटार तुंबलं असेल. पण तो माळ्यावरून येत होता, सावकाश, आणि खोलीत पसरत होता. कुजकट, आंबट, चिखलात काहीतरी मरून पडल्यासारखा. बाईंनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि तो नाकापाशीच राहू दिला. काका खिडकीकडे सरकले. वर्तमानपत्र हळूहळू मेहुण्याच्या नाकापर्यंत आलं. आता या विचारणार, मी स्टुलावर चढणार, गोणपाट उघडणार आणि आत काय निघणार? तेसुद्धा बायकोच्या देखत?

बायको चहाचा ट्रे घेऊन आतून आली. दोन पावलं आली आणि थांबली. कपाळाला आठी पडली.

"अहो," ती म्हणाली, "कसला हो हा घाण वास?"

कोणीही हललं नाही. कपातला चहा तेवढा हलत होता.

"कुठून?" मी विचारलं.

"काय कुठून? तिथून. वरून." तिने हनुवटीने माळा दाखवला. "काहीतरी कुजलंय वर. तुम्हाला येत नाही का वा..." आणि ती बोलायची थांबली. मेहुण्याने उठून तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. आयुष्यात त्याने वेळेवर केलेलं हे एकच काम.

मी स्टूल आणलं. वनखात्याच्या बाई समोर बसल्या होत्या, पुरावा माझ्या डोक्यावर होता, स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं. गोणपाट खाली आणून मी तिच्यासमोर जमिनीवर उघडलं. काळपट, बुळबुळीत मुळं, गळून पडलेली पानं. घाण भपकारा आला. काकांनी तोंड फिरवलं. बायको गुडघे टेकून खाली बसली आणि नाक त्या चिखलापाशी नेलं, बाथरूममध्ये नेलं होतं तसं. तिने श्वास घेतला, मग आणखी एक घेतला.

"शी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शी, शी. काय घाणेरडा आहे हो."

"येतोय?" आईने विचारलं.

"येतोय, आई."

बाई उठून जवळ आल्या. त्यांनी काडीने मुळं उचलून पाहिली. "अहो, ही जात तर रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या झाडावर सापडते," त्या म्हणाल्या. "यात गुन्हा कसला? पण याला एवढं पाणी कोणी घातलं?"

"मी," मी म्हणालो. "मी पण," आई म्हणाली, "रोज आंघोळ झाली की एक तांब्या. बिचारं अंधारात होतं." बायको मान खाली घालून म्हणाली, "मीसुद्धा." मेहुणा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलला. शेवटी काका खाकरले. "गच्चीवर जाताना एकदा तुमचं दार उघडं होतं तेव्हा तांब्याभर..." ते म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मारलंत," बाई म्हणाल्या. रुमाल नाकाला लावून त्या परत खुर्चीत बसल्या.

आई उठली. "आण ते इकडे, बाहेर टाकून येते. पाहुण्यांना त्रास नको."

"राहू द्या ना, आई," बायको म्हणाली. ती तशीच जमिनीवर बसली होती, दोन्ही हात गोणपाटावर ठेवून. "थोडा वेळ राहू द्या."

मला भीती वाटली. बाहेरून वारा येत होता आणि आतला सगळा वास बाहेर घेऊन चालला होता, आणि एकदा तो गेला की तिला पुन्हा येईल की नाही ते कोणाला माहीत? काका खिडकीत मोठमोठे श्वास घेत उभे होते. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं आणि खिडकी लावून घेतली.